मुलांच्या नव्या खेळांची परिभाषा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आज मी जो विषय मांडणार आहे, तो कोणत्याही इयत्तेच्या अभ्यासक्रमात नाही. तथापि आपल्या शाळेच्या पटांगणात, व्हरांड्यात आणि पाण्याच्या टाकीपाशी तो रोज कानी पडतो. मोबाइलवरील खेळांत मुले जे शब्द वापरतात, त्यांची शिक्षकाने ओळख करून घ्यावी, एवढेच माझे प्रतिपादन आहे. हे खेळ चांगले की वाईट, हा वाद मी येथे घालणार नाही. ज्या गोष्टीतील शब्दच आपणांस कळत नाहीत, तिच्याविषयी आपण दिलेला निवाडा मुले मनोमन मानीत नाहीत.

प्रत्येक खेळाला स्वतःची परिभाषा असते. आपला विटीदांडूच घ्या. वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणत आपल्यापैकी कित्येकांनी विटी टोलविली असेल. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, म्हणजे एक, दोन, तीन, चार, यांचीच ही रूपे होत. देगलूर, बिलोली, धर्माबाद येथील शिक्षकांस हे सांगावयास नको. परंतु दूरच्या जिल्ह्यांतील मुलांनी अर्थ न जाणताही हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले. पुढे क्रिकेट आले, तेव्हा कुस्तीतला ‘चीत’ घेऊन आपण पायचीत, धावचीत, यष्टिचीत असे शब्द घडविले. खेळाबरोबर शब्द येतात आणि भाषेत मुरतात. म्हणून ‘नूब’ आणि ‘रिस्पॉन’ यांचा तिटकारा करण्याचे कारण नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाइल मुलांच्या हाती आला. त्याबरोबर हे खेळही वाडीतांड्यापर्यंत पोचले. ‘पबजी’ या कोरियन खेळात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. ‘फ्री फायर’ या सिंगापूरच्या खेळात सामान्यतः पन्नास. शेवटपर्यंत जो टिकेल तो विजयी. केंद्र सरकारने पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये आणि फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. परंतु पबजीच्या जागी जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला, आणि फ्री फायरची ‘मॅक्स’ ही आवृत्ती मुलांच्या हाती राहिली. शब्द तर कोणत्याच बंदीने थांबले नाहीत.

या शब्दांचे मी तीन वर्ग करतो.

पहिला वर्ग खेळातील हालचालींचा. ‘स्क्वॉड’ म्हणजे चार गड्यांची तुकडी. ‘झोन’ म्हणजे क्रमाक्रमाने आकुंचन पावणारे सुरक्षित वर्तुळ. त्याबाहेर राहिलेल्याची शक्ती क्षीण होत जाते. ‘नॉक’ म्हणजे घायाळ होणे आणि ‘रिव्हाइव्ह’ म्हणजे सोबत्याने येऊन पुन्हा उभे करणे. ‘रिस्पॉन’ म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा खेळात जन्म घेणे. ‘लॅग’ म्हणजे जाळे मंद असल्यामुळे होणारा खोळंबा, आणि ‘पिंग’ म्हणजे आपला संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणारा वेळ. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. शेवटी जिंकलेल्यास पडद्यावर फ्री फायरमध्ये ‘बूयाह’ आणि पबजीत ‘चिकन डिनर’ असे शब्द दिसतात. एखादा मुलगा वर्गात एकदम ‘बूयाह’ म्हणून ओरडला, तर त्याने आपणांस शिवी दिली असे समजू नये. त्याचे गणित बरोबर आले असेल.

या वर्गात आपल्याच घरचे काही शब्द परदेशवारी करून आले आहेत, हे मुलांस अवश्य सांगावे. ‘लूट’ हा शब्द हिंदुस्थानातून कंपनी सरकारच्या काळात इंग्रजीत गेला आणि आज पडलेली शस्त्रे वेचणे या अर्थाने परतला. ‘अवतार’ हा तर संस्कृत शब्द. १९८५ साली निघालेल्या ‘अल्टिमा’ या खेळमालिकेच्या चौथ्या भागाच्या नावातच तो होता. आता खेळाडूचे पडद्यावरील रूप या अर्थाने तो जगभर रूढ आहे. तेच ते काम पुनःपुन्हा करून गुण साठविणे यास खेळाडू ‘ग्राइंड’ म्हणतात. आपणही ‘तेच ते दळण’ म्हणतोच की!

दुसरा वर्ग माणसांविषयीच्या शब्दांचा. ‘नूब’ म्हणजे नवशिका, ‘प्रो’ म्हणजे तरबेज, ‘कॅम्पर’ म्हणजे एका जागी दबा धरून बसणारा. ‘बॉट’ म्हणजे यंत्राने चालविलेला खोटा खेळाडू. हा शब्द ‘रोबोट’चा संक्षेप असून, रोबोट हे नाव चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आले, मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. खेळात हे शब्द निरुपद्रवी वाटतात. परंतु एकाच मुलास सारा वर्ग आठवडाभर ‘बॉट’ म्हणू लागला, तर त्याचा अर्थ ‘याला कोणी मोजत नाही’ असा होतो. ‘ढ’ या अक्षराने किती मुलांची शाळा सुटली, हे आपण जाणतोच. नवा शब्द आपणांस कळला नाही, तर आपल्या डोळ्यांदेखत तेच पुन्हा घडेल.

तिसरा वर्ग पैशाच्या शब्दांचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. फ्री फायरमधील चलनास ‘डायमंड’ आणि पबजीमधील चलनास ‘यूसी’ म्हणतात. खरे रुपये देऊन ते घेणे म्हणजे ‘टॉप-अप’. ‘स्किन’ म्हणजे शस्त्राचा वा पोशाखाचा नुसता रंगढंग. ‘क्रेट’ आणि ‘लक रॉयल’ म्हणजे आत काय निघेल हे न कळता पैसे मोजण्याची सोडत. ‘आयडी’ म्हणजे खेळाडूचे खाते. त्यात त्याची सारी कमाई साठलेली असते.

एका शाळाभेटीत पाचवीतील एक मुलगा दिवसभर मान खाली घालून बसलेला दिसला. पुनःपुन्हा विचारता ‘आयडी गेला’ एवढेच तो म्हणाला. गुरुजींस वाटले, ओळखपत्र हरवले. त्यांनी मायेने ‘नवे करून देऊ’ असे आश्वासन दिले. मुलगा गप्प झाला. पुढे त्याच्या सोबत्याकडून उलगडा झाला. कोणा अनोळखी माणसाने फुकट डायमंड देतो म्हणून त्याचा पासवर्ड घेतला होता आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही विचारून घेतला होता. आईवडील ऊसतोडीस गेलेले. घरी आजी, आणि त्याच मोबाइलशी जोडलेल्या खात्यात आईवडील पैसे पाठवीत. सुदैवाने त्या दिवशी खाते रिकामे होते. मुलाने आपल्या भाषेत मदत मागितली होती. ती भाषा ऐकणाऱ्यास येत नव्हती, इतकेच.

कंधार, मुखेड, जळकोट या भागांतून दर हंगामास अनेक कुटुंबे कारखान्यांवर जातात. मागे राहिलेल्या मुलांस मोबाइल हाच आईचा आवाज असतो. तो काढून घ्या, असे सांगणे सोपे असले तरी ते न्याय्य नव्हे. पैशाचे शब्द ओळखणे मात्र आपल्या हाती आहे. ‘आयडी गेला’, ‘ओटीपी दिला’ असे कानी पडताच पालकांस त्वरित कळवावे, बँकेस सूचना देण्यास सांगावे आणि १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करवावी. पहिले काही तास मोलाचे असतात. पडद्यावरील संभाषण पुसू देऊ नये.

याहून गंभीर शब्द म्हणजे ‘डिपॉझिट’ आणि ‘विथड्रॉ’. अधिक पैसे मिळतील या आशेने पैसे लावावयाचे आणि जिंकल्यास काढावयाचे, असा जो खेळ, तो जुगाराच्या जातीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशाचे असे खेळ चालविण्यास मनाई केली आहे, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. ई-क्रीडा व मनोरंजनाचे खेळ त्याने वेगळे ठेवले आहेत. हा भेद पालकसभेत समजावून सांगावा.

त्याचबरोबर प्रत्येक खेळणाऱ्या मुलास ‘व्यसनी’ म्हणण्याची घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात खेळविकाराचा समावेश आहे. परंतु खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ वरचढ होणे आणि हानी दिसूनही तो न सुटणे, ही लक्षणे साधारणतः बारा महिने दिसावी लागतात. असे मूल आढळल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आता वर्गात काय करावे? फळ्याशेजारी एक ‘खेळ-शब्दकोश’ लावा. मुलांनी शब्द आणावा, पूर्ण मराठी वाक्यात अर्थ सांगावा आणि शक्य तर प्रतिशब्द सुचवावा. एरवी वाचनाच्या तासास तोंड न उघडणारे मूल या विषयावर सलग पाच वाक्ये बोलते, हा माझा अनुभव आहे. आकुंचन पावणाऱ्या झोनवरून वर्तुळ व त्रिज्या शिकवा, पिंगवरून दशांश अपूर्णांक. एका स्किनला जितके रुपये लागतात, तितक्यांसाठी शेतमजुरास किती तास राबावे लागते, हे उदाहरण मुलांनी स्वतः सोडवावे. उपदेशाची गरज राहत नाही. मुलांवर छाप पाडण्यासाठी मात्र हे शब्द स्वतः मिरवू नयेत. ऐकून कळणे पुरेसे आहे.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या शाळेतील मुलांकडून गोळा केलेले दहा शब्द अर्थांसह लिहून आणावेत. त्यांतील पैशाचे शब्द तांबड्या शाईने लिहावेत. सर्वांचे शब्द एकत्र करून त्यांची यादी केंद्रातील प्रत्येक शाळेस देता येईल.