कर्ज बाईच्या नावावर, पैसा कुणाच्या हातात?

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गरीब देशांच्या विकासाचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येतं : बायकांना छोटी कर्जं द्या, गरिबी हटेल. आपण सगळ्या गटातल्या बाया. तेव्हा हे उत्तर आलं कुठून आणि कितपत खरं ठरलं, ते पाहू या.

सुरुवात बांगलादेशातली. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांना बांबूची स्टुलं विणणाऱ्या बाया भेटल्या. बांबूसाठी व्यापाऱ्याकडून पैसे घ्यायचे आणि तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावात द्यायचा. दिवसभर राबून हातात जवळजवळ काही नाही. गावातल्या अशा ४२ जणांची गरज मोजली, तर ती सगळी मिळून २७ डॉलरची निघाली. युनूस यांनी ते खिशातून दिले. यातूनच पुढे १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली. तारण नाही, आठवड्याचा हप्ता आणि कर्जदारांत बहुसंख्य बाया. २००६ साली युनूस आणि बँक यांना शांततेचं नोबेल मिळालं.

सावकाराच्या तावडीतून सुटणं ही लहान गोष्ट नव्हे. चौघींनी घराबाहेर पडून एकत्र बसणं, स्वतःच्या नावाने सही करणं, याचं मोल आपल्याला ठाऊक आहे.

पण पैसा वापरतं कोण? १९९६ साली ॲन मरी गेट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी बांगलादेशातल्या कर्जदार बायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्जावर पूर्ण किंवा बऱ्यापैकी ताबा असलेल्या बाया निघाल्या जेमतेम ३७ टक्के. बाकीच्या घरांत पैशावर पुरुषांचा हात, हप्ता मात्र तिच्या डोक्यावर. मग ती कात्री कुठे लावते? आधी स्वतःच्या ताटाला!

तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात तर खाजगी कंपन्याच या धंद्यात उतरल्या. एकेका बाईवर तीन-तीन, चार-चार कर्जं; एक फेडायला दुसरं. वसुलीच्या जाचापायी आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. गट आधारासाठी होता. तिथे मैत्रिणीच मैत्रिणीच्या दारात वसुलीला उभ्या राहिल्या.

२०१५ साली भारत, इथिओपिया, मोरोक्को, मेक्सिको, मंगोलिया आणि बोस्निया इथले अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. काहींचा धंदा थोडा वाढला, पण या कर्जांनी गरीब घरांचा कायापालट झालेला कुठेच दिसला नाही. कसा होणार? गावातल्या सगळ्याच जणींनी पापड लाटले, तर विकत घेणार कोण? म्हैस आटते, हप्ता आटत नाही. जमीन तिच्या नावावर नाही, दवाखाना दूर. एका आजारपणात भांडवल संपतं.

बांगलादेशातल्याच ब्रॅक संस्थेने हे ओळखलं. कर्ज पेलूच न शकणाऱ्या बायांसाठी तिने २००२ साली वेगळी योजना काढली. गाय किंवा शेळ्या द्यायच्या, त्या परत मागायच्या नाहीत. सुरुवातीला पोटापुरता भत्ता, जनावरं सांभाळायचं शिक्षण आणि नियमित भेटी. आधी पोट, मग धंदा. पुढे हीच पद्धत इतर सहा देशांत करून पाहिली, तेव्हा मदत थांबल्यावर वर्षभरानेही घरांची स्थिती सुधारलेली दिसली.

महाराष्ट्रालाही याचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो बायांनी खडी फोडली, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागण्याचा हक्क मिळाला; त्या मजुरीवर कुणाचं व्याज नव्हतं.

म्हणून गट मोडा असं मी म्हणत नाही. पण कर्ज दिलं म्हणजे सरकारची जबाबदारी संपली, असंही कुणाला म्हणू देऊ नका. काम, रास्त मजुरी, रेशन, दवाखाना, सातबाऱ्यावर नाव, हे मागत राहायचं.

आणि पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत दोन रकाने वाढवा. कर्ज कुणी घेतलं ते आपण लिहितोच. त्याच्या शेजारी लिहा : पैसा कुणी वापरला, आणि हप्ता कशातून भरला?