सापेक्षतेची वाट भूमितीतून

सापेक्षता समजून घ्यायची तर आधी तिची भूमिती शिकावी, हेच सोयीचे. 1908 साली हेर्मान मिंकोव्स्की यांनी अवकाश आणि काळ एकत्र जोडून चार मितींची भूमिती मांडली. पायथागोरसच्या सिद्धांतात वर्गांची बेरीज असते. इथे काळाच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा होतो. समजा, पृथ्वीवरच्या घड्याळाप्रमाणे एक यान 5 वर्षांत, एकसारख्या वेगाने 3 प्रकाशवर्षे गेले. 25 मधून 9 गेले, उरले 16, वर्गमूळ 4. यानातल्या घड्याळात 4च वर्षे सरली!

कोणी म्हणेल, आइनस्टाइन यांनी 1905 चा सिद्धांत या भूमितीविनाच मांडला ना? खरे आहे, मिंकोव्स्कींची मांडणी त्यांना आधी अनावश्यक पांडित्यच वाटली. पण गुरुत्वाकर्षणाशी गाठ पडली तेव्हा, 1912 मध्ये, त्यांना मित्र मार्सेल ग्रोसमान यांच्या मदतीने रीमान यांची वक्र अवकाशाची भूमिती शिकावीच लागली. 1915 मध्ये तिच्याच आधारे बुधाच्या कक्षेतला, शतकामागे 43 विकलांचा फरक उलगडला. ही पुढची भूमिती अवघड आहे, हा आक्षेप रास्तच; पण पहिली पायरी दहावीच्या गणितावर चढता येते. विद्यार्थ्यांनी सुरुवात तिथूनच करावी.