थांबण्याची किंमत कोण मोजतो?

(गिरगावातील व्याख्यानाचा संपादित भाग)



‘व्यापारी ज्ञान आणि निर्णयशक्ती’ असा विषय मला देण्यात आला आहे. हा विषय व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा, नोकरी करून संसार चालवणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला त्याचे काय, असे अनेकांना वाटले असेल. हा समज आपल्या समाजात खोलवर रुजला आहे. व्यापार म्हणजे नफा, नफा म्हणजे स्वार्थ आणि स्वार्थाचा विचार सज्जनाने करू नये, असे आपण मानत आलो. परिणामी हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती राहिली आणि त्या वहीतून निघालेले निर्णय मात्र आपल्या वाट्याला आले.

वास्तविक आपली परंपरा अशी नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचे. राज्यनीतीच्या या ग्रंथात गडकोट आणि आरमार यांच्याबरोबर सावकारांचाही स्वतंत्र विचार आहे. राज्याला व्यापारी हवेतच, हे अमात्य आग्रहाने सांगतात. परंतु टोपीकरांच्या बाबतीत ते सावध करतात. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत; म्हणून वखारीसाठी त्यांना समुद्रतीरी किंवा खाडीलगत जागा देऊ नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. समोरचा माणूस काय मागतो यापेक्षा त्याच्यामागे कोण उभे आहे आणि आज मिळालेल्या जागेचे तो उद्या काय करू शकेल, हे अमात्यांनी पाहिले. व्यापारी ज्ञानाचा निर्णयासाठी केलेला उपयोग तो हाच.

संपाचा ताळेबंद

आता आपल्याच परिसराकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी येथील भोंगे शांत झाले. मागण्या न्याय्य होत्या, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पगार अपुरा होता. हजारो बदली कामगारांना महिन्यातून काही दिवसच काम मिळे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता आणि ती बहुसंख्य कामगारांना आपली वाटत नव्हती. कामगारांच्या धैर्याबद्दल तर बोलायलाच नको. तरीही हा संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही आणि जिंकलाही गेला नाही. तो विरत गेला. असंख्य कामगारांना पुन्हा काम मिळालेच नाही.

मागणी न्याय्य, नेतृत्व निर्भय, एकजूट अभूतपूर्व; मग अपयश का? सरकारी धोरण, राजकारण ही कारणे आहेतच. परंतु व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर तीन प्रश्न समोर येतात. पहिला, काम थांबल्याने समोरच्याचे रोज काय जाते? दुसरा, त्याला अन्य मार्ग आहे काय? तिसरा, आपली शिदोरी किती दिवसांची आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्व गिरण्यांसाठी एकच नव्हते. ज्या गिरणीची यंत्रे नवी, मालाला मागणी आणि नाव मोठे, तिचे प्रत्येक दिवशी नुकसान होत होते. परंतु यंत्रे जुनाट, कर्ज डोईजड आणि गोदामात माल पडून, अशी गिरणी बंद राहिली की पगाराचा खर्च वाचत होता. एकीला संप हा घाव होता, तर दुसरीला ती बिनपगारी सुटी होती. या दोहोंना एकाच मापाने मोजणे हा हिशेबातला दोष होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भिवंडीत होते. यंत्रमागावर कापड स्वस्त पडे, कारण तेथे मजुरी कमी आणि कायद्याची बंधने सैल. संपकाळात गिरण्यांनी तेथून कापड विणून घेतले आणि आपल्या शिक्क्याने विकले, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. भोंगा बंद होता, बाजार मात्र बंद नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत कठीण होते. कामगाराची शिदोरी म्हणजे कोकणातले किंवा घाटावरचे गाव, तिथली थोडी शेती आणि बायकोच्या अंगावरचे दागिने. कित्येक जण गावी गेले, तेथे मिळेल ते काम करून महिनोन्महिने तग धरून राहिले. हा त्याग मोठा होता, परंतु थांबण्याची किंमत रोज तेच मोजत होते. लढा न्यायाचा असला तरी वेळ कोणाच्या बाजूने आहे, हे पाहावेच लागते.

खाणावळीतील व्यवस्थापन

हे ज्ञान विद्यापीठातच मिळते असे नाही. संपाच्या सात वर्षे आधी, १९७५ मध्ये, याच गिरणगावात प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. कुटुंब गावी ठेवून येथे एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका हा त्याचा पाया. या बायका दिवसभर राबत, त्यांच्याकडे गिऱ्हाईकही भरपूर होते, तरी त्या कर्जात बुडालेल्या असत. का? कामगार जेवणाचे पैसे महिन्याने देई, धान्य मात्र रोज लागे. ते दुकानदाराकडून उधारीवर घ्यायचे, म्हणजे भाव त्याचा आणि व्याजही त्याचे. मधल्या तीस दिवसांची किंमत बाई मोजत होती आणि ती दुकानदाराच्या पदरात पडत होती.

या बायकांना कौशल्य शिकवण्याची गरज नव्हती, दयेची तर नव्हतीच. उणीव होती ती खेळत्या भांडवलाची. रोग नेमका कळला म्हणून औषधही नेमके निघाले. बायकांचे गट झाले, त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना अल्प व्याजाने कर्ज मिळाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांनी बँकेत जाऊन सही करण्याची उमेद धरली. व्यवस्थापनाच्या मोठमोठ्या ग्रंथांतून सांगितले जाते ते याहून फार वेगळे नाही.

एका शब्दाची किंमत

संपानंतरचे प्रकरण जमिनीचे. गिरण्यांच्या ताब्यात मध्य मुंबईतील सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली. एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जागेवर गिरणीचे बांधकाम होते ती जागा वाटणीतून सुटली, आणि गिरणीच्या आवारात बांधकामच अधिक असते. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय फिरवून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ मध्ये, म्हणजे संप सुरू झाल्यानंतर तीस वर्षांनी.

लाखो माणसांचे भवितव्य नियमातल्या एका शब्दाने पालटले. तो शब्द बदलत असताना त्याचा हिशेब मांडून दाखवणारे लोक आपल्यात होते, पण फार थोडे. मोर्चाला हजारो माणसे मिळतात, नियमावली वाचायला दहासुद्धा मिळत नाहीत. ही आपली खरी दुर्बलता आहे.

आज आपल्या दारात

बंधुभगिनींनो, हा केवळ इतिहास नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील उपकरप्राप्त चाळींचा पुनर्विकास हा आज इथल्या घराघरांतला निर्णय आहे. सभेत चर्चा कशाची होते? किती चौरस फूट मिळणार, पार्किंग मिळणार का, देवळाची जागा कुठे? हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्याआधी तेच तीन प्रश्न विचारावे लागतील.

काम रखडले तर विकासकाचे काय जाते? तुम्ही संमतीपत्रांवर सह्या दिल्या आणि काम सुरू करण्याची मुदतच घातली नाही, तर त्याचे काहीही जात नाही. जागेचा भाव वाढत राहतो, तुम्ही दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही आणि तुमची सही त्याच्या कपाटात फुकट पडून राहते. म्हणून संमतीला मुदत हवी. अमुक महिन्यांत परवानग्या आल्या नाहीत तर संमती रद्द, हे करारात स्पष्ट लिहिलेले हवे. करार नोंदणीकृत हवा. बांधकाम सुरू करण्याचा दाखला हाती आल्याशिवाय घर रिकामे करू नये.

घर रिकामे केल्यावर तर पारडे पूर्णच फिरते. उदाहरणादाखल हिशेब करू. चाळीस बिऱ्हाडे आणि प्रत्येकी पंचवीस हजार रुपये मासिक भाडे धरले, तर विकासकावर महिन्याला दहा लाख आणि वर्षाला एक कोटी वीस लाखांचा भार पडतो. हा भार त्याच्यावर आहे तोवर त्याला घाई आहे. ज्या दिवशी भाड्याचे धनादेश थांबतात, त्या दिवशी तोच भार तुमच्या चाळीस घरांवर येतो आणि त्याची घाई संपते. म्हणून संपूर्ण मुदतीच्या भाड्याची सोय आणि बँक हमी यांचा आग्रह हा हावरेपणा नव्हे, ते शहाणपण आहे.

दुसरा प्रश्न त्याच्या अन्य मार्गांचा आणि त्याच्या पाठीशी कोण आहे याचा. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचे इतर प्रकल्प, त्यांची मुदत आणि मुदतवाढ पाहता येते. कंपनीवर किती बोजा आहे, हे कंपनी निबंधकाकडील कागदपत्रांतून कळते. एकाच वेळी सहा ठिकाणी खोदकाम करून ठेवलेला माणूस आपल्या चाळीला कितव्या क्रमांकावर ठेवणार, हे ओळखावे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्वांत जास्त क्षेत्रफळ कबूल करणारा विकासक सर्वांत चांगला असेलच असे नाही. विक्रीच्या घरांतून येणारे उत्पन्न आणि बांधकाम, भाडे, व्याज यांचा खर्च यांचा मेळ त्याच्या वहीत बसत नसेल, तर ते वचन कागदावरच राहते. त्याची वही वाचता आली की काय मागावे हे जसे कळते, तसेच काय मागू नये हेही कळते.

तिसरा प्रश्न आपल्या शिदोरीचा. चाळीत वृद्ध किती, एकट्या राहणाऱ्या विधवा किती, तुळया किती पावसाळे टिकतील? भाडे सहा महिने थांबले तर कोणाच्या घरी अडचण होईल? हे आधी लिहून काढा. साखळीतील सर्वांत कमजोर कडी कोणती, हे आपल्याला माहीत नसले तरी समोरचा ते शोधून काढतोच.

माझी विनंती एवढीच. प्रत्येक चाळीत गणेशोत्सवाची समिती असते, हिशेबही चोख असतो. त्याच धर्तीवर तीन जणांची एक अभ्यास समिती नेमा: एक ताळेबंद वाचणारा, एक कायदा वाचणारा आणि एक असा की ज्याच्यावर सगळ्या बिऱ्हाडांचा विश्वास आहे. निवृत्त बँक कर्मचारी, लेखापाल, अभियंते आपल्या चाळींत काही कमी नाहीत. सहीच्या सभेआधी एक महिना त्यांना सर्व कागद द्या आणि त्यांचा अहवाल सर्वांसमोर वाचला जाऊ द्या. मगच सही करा. अडीच लाख कामगारांनी थांबण्याची किंमत स्वतःच्या संसारातून मोजली. ती पुन्हा आपल्या मुलाबाळांना मोजावी लागू नये, एवढे आपल्या हाती आहे.