हुर्यो नेमकी कुणाच्या नावाने?



बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो नावाचा एक प्रकार असतो. समोरच्याने फाउल केला की खेळाडू रेषेवर जाऊन उभा राहतो. त्याला अडवायला कुणी नसतं. चेंडू हातात, बास्केट समोर. त्या क्षणी त्याला त्रास देऊ शकतात ते फक्त प्रेक्षक. पाहुण्या संघाचा खेळाडू रेषेवर आला की बास्केटमागची माणसं किंचाळतात, हात नाचवतात, काय वाटेल ते करतात. घरचा खेळाडू आला की मात्र हजारो माणसं गप्प होतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही तो ठाऊक असतो.

2025 साली डॅलस शहरात प्रेक्षकांनी हा नियम मोडला. डॅलस मॅव्हरिक्सचा, म्हणजे त्यांचाच खेळाडू रेषेवर उभा असताना सगळं स्टेडियम तालात ओरडत होतं : ‘फायर निको! फायर निको!’ निकोला हाकला. हा निको मैदानात नव्हताच. निको हॅरिसन हे संघाचे जनरल मॅनेजर. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं हे ठरवणारे गृहस्थ.

आपल्याच संघाची हुर्यो उडवणाऱ्या माणसाला आपण सहसा कृतघ्न म्हणतो. जिंकताना डोक्यावर घेता आणि हरताना शिव्या घालता, असं त्याला सुनावतो. मला आज त्या माणसाची बाजू मांडायची आहे आणि मग त्याच माणसाला दोन कडक प्रश्नही विचारायचे आहेत.

आधी डॅलसची हकिगत. लुका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा खेळाडू 2018 मध्ये, कोवळ्या वयात डॅलसला आला. 2024 मध्ये त्याने संघाला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम फेरीपर्यंत नेलं. पंचविशीतला हा खेळाडू पुढची दहा वर्षं आपला, असं शहर धरून चाललं होतं. 2025 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एका मध्यरात्री बातमी फुटली की डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं आहे. बदल्यात आला अँथनी डेव्हिस : मोठा खेळाडू, पण वयाने मोठा आणि दुखापतींनी गांजलेला. विजेतेपदं बचावाच्या जोरावर मिळतात, असं हॅरिसन यांचं समर्थन होतं. ते कुणाला पटलं नाही. चाहत्यांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून संघाची अंत्ययात्राच मांडली. 10 फेब्रुवारीच्या सामन्यात हॅरिसनविरुद्ध निषेध करणाऱ्या काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आलं. 9 एप्रिलला डॉन्चिच लेकर्सच्या वेशात डॅलसमध्ये परतला. त्याच्या सन्मानार्थ चित्रफीत दाखवली तेव्हा तो बाकावर बसून रडला आणि मग त्याने डॅलसवरच 45 गुण चढवले. घरच्या प्रेक्षकांनी त्या पाहुण्याला टाळ्या वाजवल्या आणि अधूनमधून पुन्हा तेच : फायर निको.

आता मला सांगा, या लोकांनी ओरडू नये तर काय करावं?

अमेरिकेतली व्यावसायिक लीग ही बंद दाराची लीग आहे. एनबीएत तीस संघ आहेत. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत फेकला जातो, मालकाच्या खिशाला भोक पडतं. एनबीएत तळाच्या संघाला शिक्षा नाहीच, उलट पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, उत्तम खेळाडू मिळण्याची संधी वाढते. त्यात 2025-26 च्या मोसमापासून टीव्ही आणि स्ट्रीमिंगचा अकरा वर्षांचा करार सुरू झाला, तो सुमारे 7,600 कोटी डॉलरचा. या पैशाचा वाटा जिंकणाऱ्यालाही मिळतो आणि हरणाऱ्यालाही. म्हणजे दर्जा घसरला म्हणून मालकाला उपाशी राहावं लागत नाही.

आणि प्रेक्षकाचं काय? तो तिकीट घेतो, जर्सी घेतो, शिवाय पुष्कळदा करही भरतो. सॅक्रामेंटो किंग्जचं उदाहरण घ्या. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये भारतात एनबीएचे पहिले दोन सामने झाले, ते वरळीच्या डोममध्ये, आणि त्यातला एक संघ हाच किंग्ज होता. तुमच्यापैकी कुणी गेलेही असतील. हा संघ 2013 मध्ये सॅक्रामेंटोतून उचलून सिएटलला न्यायचा घाट घातला गेला होता. चाहत्यांनी गाव जागवलं, महापौर धावले, रणदिवे आणि त्यांचे भागीदार पुढे आले आणि लीगच्या मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर फेटाळलं. पण त्याची अट काय होती? नवं स्टेडियम. त्यासाठी शहराने सुमारे 25 कोटी डॉलर घातले. मत होतं तीस मालकांना. सॅक्रामेंटोच्या रहिवाशाला नव्हतं. सिएटलच्या लोकांचा संघ 2008 मध्येच ओक्लाहोमा सिटीला गेला होता. त्यांच्याकडे तर हुर्यो उडवायलाही संघ उरला नव्हता.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक छोटं पुस्तक लिहिलं : ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. कुठलीही संस्था घसरायला लागली की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा बोलणं. ज्याची निष्ठा असते तो लवकर सोडून जात नाही, म्हणून तो बोलतो. साबण आवडला नाही तर आपण दुकानदाराशी भांडत नाही, दुसरा साबण घेतो. डॅलसचा माणूस उद्यापासून ह्यूस्टनचा चाहता होऊ शकत नाही. त्याची सोडून जाण्याची वाट बंद आहे, म्हणून त्याचा आवाज मोठा आहे. ज्याला काहीच वाटत नाही तो घरी चॅनल बदलतो. हुर्यो उडवणारा पैसे मोजून आलेला असतो.

तुम्ही म्हणाल, हरलं की ओरडतात, एवढंच ना? नाही. फिलाडेल्फिया हे शहर टवाळखोर प्रेक्षकांसाठी सगळ्या अमेरिकेत बदनाम आहे. याच शहरातल्या सेव्हन्टी-सिक्सर्स संघाने 2013 नंतर सॅम हिंकी यांच्या कारभारात जाणूनबुजून दुबळा संघ उतरवला. हेतू एकच, तळाला राहून चांगले नवे खेळाडू मिळवायचे. 2015-16 च्या मोसमात ते 82 पैकी 72 सामने हरले. कुरबुरी झाल्या, खुर्च्याही रिकाम्या राहिल्या. पण मोठा चाहतावर्ग ‘ट्रस्ट द प्रोसेस’ म्हणत उभा राहिला, कारण त्यांना कुठे चाललोय ते सांगितलं गेलं होतं. मग 2021 मध्ये अटलांटाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात याच संघाच्या बेन सिमन्सला बास्केटखाली मोकळी संधी मिळाली आणि त्याने चेंडू दुसऱ्याकडे दिला. ते मात्र शहराने माफ केलं नाही. पुढच्या वर्षी, 10 मार्च 2022 ला, ब्रुकलिनचा खेळाडू म्हणून तो परतला, तेव्हा त्याची हुर्यो उडवायला लोक तयारीनेच आले होते. सिमन्स खेळलाच नाही, बाकावर बसून राहिला. ब्रुकलिनने 129-100 असा धुव्वा उडवला आणि त्याच्यासाठी आणलेली हुर्यो रात्र संपता संपता लोकांनी आपल्याच संघावर खर्च केली! बहात्तर पराभव सोसणाऱ्यांना एक चुकवलेली संधी सोसवली नाही. पराभव पचतो, आपल्याला गृहीत धरलं, किंवा आपल्या देखत कुणी अंग चोरलं, हे पचत नाही.

इथवर मी प्रेक्षकाचा वकील होतो. आता उलटतपासणी.

पहिला प्रश्न, घाईचा. 25 जून 2015 ला न्यू यॉर्क निक्सने ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर क्रिस्टॅप्स पोरझिंगिस हा लॅटव्हियाचा एकोणीस वर्षांचा मुलगा निवडला. सभागृहातल्या निक्सच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने एनबीएत एक चेंडूही टाकला नव्हता. एक लहान मुलगा रडताना टीव्हीवर दिसला. तोच पोरझिंगिस काही महिन्यांत न्यू यॉर्कचा लाडका झाला. त्या रात्री ओरडणाऱ्यांना त्याच्याबद्दल काय माहीत होतं? फक्त नाव अनोळखी आहे एवढंच.

दुसरा प्रश्न, पत्त्याचा. निक्सचाच ज्युलियस रँडल. 2021 मध्ये त्याने आठ वर्षांनी संघाला प्लेऑफमध्ये नेलं, तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्याच्या नावाने दुमदुमत होतं. पुढच्या मोसमात संघ अडखळला. 6 जानेवारी 2022 ला बोस्टनविरुद्ध निक्स पंचवीस गुणांनी मागे पडले आणि हुर्यो सुरू झाली. संघाने सामना फिरवला, शेवटच्या क्षणी जिंकलाही; पण त्याआधी रँडलने प्रेक्षकांकडे बघून अंगठा खाली केला. अर्थ विचारल्यावर त्याने ‘गप्प बसा’ हे छापता न येणाऱ्या शब्दांत सांगितलं. 25 हजार डॉलर दंड झाला, त्याने माफी मागितली. तो चुकला, खरं. पण निक्सचे भोग हे एका रँडलचे नव्हते. वर्षानुवर्षांच्या वरच्या मजल्यावरच्या निर्णयांचे होते. खेळाडू हा पगारी माणूस. त्याची बदली त्याला न विचारता होऊ शकते. डॉन्चिचलाही कुणी विचारलं नव्हतं.

आणि टाळ्यांनाही फार भुलू नका. बिल रसेल या कृष्णवर्णीय खेळाडूने बोस्टनला तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं दिली. मैदानावर जयजयकार झाला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या त्याच्या घरात लोकांनी घुसून नासधूस केली, वर्णद्वेषी मजकूर लिहिला. 1972 मध्ये त्याचा जर्सी क्रमांक सन्मानाने निवृत्त केला, तेव्हा रसेलच्या हट्टाखातर तो समारंभ प्रेक्षकांना आत सोडण्याआधी, रिकाम्या स्टेडियममध्ये, जुन्या सहकाऱ्यांसमोर उरकला गेला. चाहत्यांसमोर तो सन्मान व्हायला 1999 उजाडलं. माणसाच्या कामावर ओरडणं वेगळं आणि माणसावर ओरडणं वेगळं, हे रसेलइतकं कठोरपणे कुणी सांगितलं नसेल.

या निकषावर डॅलसचे प्रेक्षक मला शहाणे वाटतात. त्यांनी मैदानातल्या मुलांना दोष दिला नाही. निर्णय घेणाऱ्याचं नाव घेतलं. 11 नोव्हेंबर 2025 ला, संघ अकरापैकी आठ सामने हरलेला असताना, हॅरिसन यांना काढण्यात आलं. घोषणांनी काढलं की पराभवांनी, हा वाद चालू राहील. पण अदलाबदलीला मालकांनीच मंजुरी दिली होती, आणि ते आजही मालक आहेत. म्हणजे डॅलसचा पत्ताही एक मजला खालीच पडला.

आता आपल्या घरी या. 1 एप्रिल 2024, वानखेडे. मुंबई इंडियन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीला आला आणि मुंबईच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ‘नीट वागा’ असं संजय मांजरेकरांना माइकवरून सांगावं लागलं. रोहित शर्माला, पाच विजेतेपदं देणाऱ्या माणसाला, बाजूला सारल्याचा राग होता. राग समजण्यासारखा होता. पण हार्दिकने स्वतःला कर्णधार नेमलं नव्हतं. नेमणारे दुसरेच होते, आणि त्यांच्या नावाची घोषणा डॅलससारखी घुमली नाही. तीन महिन्यांनी विश्वचषक घेऊन तोच हार्दिक वानखेडेवर आला, तेव्हा त्याच्या नावाचा गजर झाला. अनेकांनी याला प्रेक्षकाचं मोठं मन म्हटलं. मला तसं वाटत नाही. अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात सोळा धावा वाचवल्यावर माफ करायला मन मोठं लागत नाही.

तेव्हा पुढच्या मोसमात मैदानावर जाल तेव्हा गप्प बसू नका. तुम्ही पैसे मोजले आहेत आणि मताधिकाराचं दुसरं साधन तुमच्या हाती नाही. मात्र तोंड उघडण्याआधी विचारा, या निर्णयाच्या कागदावर सही कुणाची आहे? ते नाव सापडलं की खुशाल ओरडा, आणि जिंकल्यावरही ते विसरू नका.