वाहन वेगळं, खूण वेगळी

जून उजाडला की केळव्यात दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "यंदा मृगाचं वाहन काय?" बेडूक म्हटलं की चेहरे खुलतात, गाढव म्हटलं की पडतात. माझी तक्रार इथेच आहे. वाहन वेगळं आणि खूण वेगळी.

वाहन काढतात कसं? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 ने भागायचं. बाकी 3 उरली तर बेडूक, शून्य उरलं तर हत्ती. झाला हिशेब! आभाळाकडे मान वर केली कुणी? म्हणून तर तोच बेडूक केळव्याला आणि तोच दहिवडीला. आपल्याकडे वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तिकडे 500 पडला तरी दिवाळी.

खूण म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं. चुलीवर दूध ठेवलंय असं समजा. उतू कधी जाणार ते कोण सांगेल? जो पातेल्यासमोर उभा आहे तो. कडेला बुडबुडे धरतात, साय हलते, त्याचा हात आधीच फडक्याकडे गेलेला असतो. किनाऱ्यावरची जुनी माणसं तशी. मे सरताना पहाटेचा मतलई वारा पडला, सुरूचं बन रात्रीसुद्धा समुद्राच्या वाऱ्यानंच घोंघावू लागलं, की वाळवणं आत. बरणीतलं खडेमीठ पाझरू लागतं तेही याच सुमाराला. पिशवीतलं बारीक मीठ एवढं बोलत नाही. हवेतलं पाणी ओढणारे मॅग्नेशियमचे क्षार त्यातून बरेचसे काढलेले असतात. चंद्राला खळं पडलं तर उंचावरच्या विरळ ढगात बर्फाचे कण आहेत एवढंच समजा. पाऊस येईलच असं नाही.

आता दुसरी बाजू. पातेल्यासमोरच्या माणसाला आपलंच पातेलं दिसतं, शेजारच्या घरात काय उतू जातंय ते नाही. 2009 चं फयान चक्रीवादळ आठवा. 11 नोव्हेंबर! नारळी पौर्णिमा कधीच होऊन गेलेली, होड्या समुद्रात. मिठाच्या बरणीनं ते काय सांगितलं असतं? तिथे हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरचा बावटाच खरा. "आमच्या म्हाताऱ्याला वारा कळतो" हे त्या दिवशी कुणी कुणाला ऐकवायचं नाही. म्हाताऱ्यालाही नाही.

पुन्हा सांगतो, कारण मघाशी कुणी चहा टाकायला उठलं असेल: वाहन वेगळं, खूण वेगळी. आणि खूण दिसली तर लिहून ठेवा हो! कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडता ना, त्याच चौकोनात लिहा, वारा कुठला, मीठ कसं. गेल्या वर्षी मी मांडलं. मीठ पाझरलं आणि सहाव्या दिवशी पाऊस. यंदा पाझरून पंधरा दिवस झाले, अजून पत्ता नाही. म्हणजे निदान दहा वर्षं तरी...

वेळ संपली म्हणून स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवताहेत. टिटवीचं राहिलंच. ती उंचावर अंडी घालते तेव्हा पाऊस दांडगा, असं म्हणतात. खाजणाकडे यंदा मी दोन घरटी पाहिली, एक बांधावर, एक खाली सपाटीला. आता कुठल्या टिटवीचं ऐकायचं... बरं, नमस्कार.