रॅक खरंच गेलाय का?

खड्ड्यांतून जाताना स्टीअरिंगखालून खडखड ऐकू आली, की गॅरेजमध्ये पुष्कळदा लगेच निकाल लागतो, 'स्टीअरिंगचा रॅक गेला'. निकाल महागडा, आणि बऱ्याचदा घाईचा.

आधी दोघांनी मिळून पाहावं. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. एकानं स्टीअरिंग अगदी थोडं डावी-उजवीकडे हलवत राहावं, दुसऱ्यानं टॉर्च घेऊन सांध्यांवर नजर ठेवावी. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, तिथे ढिलाई आहे. ती टाय रॉड एंडमध्ये असेल, रबरी बुटाआडच्या रॅक एंडमध्ये असेल, किंवा वर कॉलमच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये. आख्खा रॅकच सरकत असेल, तर त्याच्या बुश पाहा. हे सुटे भाग रॅकच्या मानानं स्वस्तच.

पूर्ण वळवताना घूं-घूं आवाज येतो, ती तक्रार वेगळी. हायड्रॉलिक स्टीअरिंग असेल, तर तेलाची पातळी बघा. तेलात फेस असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय. इलेक्ट्रिक स्टीअरिंगवाल्यांनी मात्र तेल शोधत बसू नये, त्यात ते बहुधा नसतंच.

हायड्रॉलिक रॅकचा बूट तेलानं भरलेला निघाला, तर आतलं सील गेलं. तेव्हा रॅक उघडावाच लागतो. काहीजण रॅकचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून खडखड घालवतात. तो जास्त आवळला, तर स्टीअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही.