ज्योतीवाचून ज्वलन

25 मे 1812 रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन 92 माणसे व मुले प्राणास मुकली. कोळशाच्या थरांतून निसटणारा मिथेन वायू हवेत पुरेसा मिसळला, म्हणजे उघड्या दिव्याची ज्योत त्याला पुरते. या अनर्थावर उपाय शोधण्याची गळ सर हंफ्री डेव्ही यांना घालण्यात आली आणि 1815 साली त्यांनी तारेच्या जाळीने वेढलेला सुरक्षादीप सिद्ध केला. त्याचे एकस्व त्यांनी घेतले नाही, ही गोष्टही सांगण्याजोगी आहे.

डेव्हींचा दिवा सर्वश्रुत आहे. परंतु त्याच प्रयोगांच्या ओघात त्यांच्या दृष्टीस पडलेला एक चमत्कार तितकासा प्रसिद्ध नाही. प्लॅटिनमची बारीक तार तापवून ज्वालाग्राही वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली असता ज्योत पेटली नाही. तार मात्र लाल होऊन तशीच तळपत राहिली. वायू जळत होता, पण ज्योतीवाचून; आणि तार स्वतः खर्ची पडत नव्हती. 1817 साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. अशा मध्यस्थ पदार्थांच्या कार्याला बर्झेलियस यांनी 1835 साली जे नाव दिले, त्यालाच मराठीत उत्प्रेरण म्हणतात.

दोनशे वर्षांनंतर हा प्रश्न पुन्हा खाणीच्या तोंडाशी येऊन ठेपला आहे, मात्र उलट बाजूने. हवेतील मिथेनचे प्रमाण शेकडा 5 ते 15 असेल तर स्फोट होतो. म्हणून प्रचंड पंख्यांनी खाणीत हवा खेळवून ते प्रमाण फार खाली ठेवतात. 1958 साली आसनसोलजवळच्या चिनाकुरी खाणीत वायूच्या स्फोटाने शंभराहून अधिक कामगार बळी पडले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पंख्यांचे मोल सांगावयास नको. परंतु बाहेर फेकल्या जाणाऱ्या त्या हवेत मिथेन बहुधा शेकडा एकाहूनही कमी असतो. कामगाराचे प्राण वाचतात, वायू मात्र आकाशात जातो. आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने पृथ्वी तापविण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस पटींहून अधिक प्रभावी ठरतो. तोच एक किलो मिथेन जाळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे येथे जाळणे हेच हिताचे. अडचण इतकीच की, इतक्या विरळ वायूत ज्योत टिकतच नाही.

ऑस्ट्रेलियात वेस्ट क्लिफ खाणीवर 2007 साली अशी हवा अतितप्त थरांतून नेऊन मिथेन जाळण्याचा व त्या उष्णतेवर वीज काढण्याचा प्रकल्प सुरू झाला. पण तेथे उत्प्रेरक नव्हता; म्हणून सुमारे हजार अंशांची धग राखावी लागे. हेच काम चारपाचशे अंशांत साधले तर यंत्र सोपे होते आणि आणखी विरळ वायूही हाती लागतो.

मिथेनचा रेणू मोठा हट्टी. एका कार्बनभोवती चार हायड्रोजन अशा समतोलाने बसलेले असतात की, कोठून पकडावे हे कळू नये. त्याचा पहिला बंध तोडणे हीच खरी झुंज. पुढचे सारे सुलभ. या कामी पॅलेडियम धातू अग्रेसर मानला जातो. परंतु तो दुर्मिळ व महाग, शिवाय पाण्याच्या वाफेने मंदावतो आणि गंधकाने दुबळा होतो. मिथेन जळताना वाफ तर होणारच!

म्हणून दृष्टी वळली ती पेरोव्हस्काइटांकडे. गुस्ताव रोझ यांनी 1839 साली उरल पर्वतातील एका खनिजाला लेव्ह पेरोव्हस्की या रशियन सरदाराचे नाव दिले. ते खनिज कॅल्शियम टिटॅनेट होते. पुढे तशीच रचना असणाऱ्या साऱ्या कुळाला तेच नाव पडले. मोठ्या अणूंच्या चौकटीत लहान धातूचा अणू, त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन, अशी ही मांडणी असते. मोठ्या जागी लँथॅनम व लहान जागी कोबाल्ट किंवा मँगनीज बसविले की ज्वलनाचा उत्प्रेरक तयार होतो. 1971 साली लिबी यांनी मोटारींच्या धुरासाठी लँथॅनम कोबाल्ट ऑक्साइड सुचविले, तेव्हापासून या कुळाचा बोलबाला वाढला.

याची खुबी अशी की, स्फटिक आपल्या अंगचाच ऑक्सिजन मिथेनला देतो व रिकामी झालेली जागा हवेतून भरून काढतो. सावकाराने कर्ज द्यावे आणि दुसऱ्याकडून लगेच भरणा करून घ्यावा, तसा हा व्यवहार. लँथॅनमच्या काही अणूंऐवजी स्ट्रॉन्शियम घातले, तर विद्युत्भाराचा तोल सावरण्यासाठी स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या पडतात आणि ही देवघेव वेगाने चालते. अशी फेरफाराची मुभा फार थोड्या पदार्थांना आहे.

तरीही पॅलेडियमची बरोबरी झालेली नाही. मिथेन पेटविण्यास पेरोव्हस्काइटला बहुधा अधिक उष्णता लागते. याचे एक कारण त्याच्या जन्मातच आहे. हा स्फटिक घडविण्यास भट्टीत सहासातशे अंश किंवा त्याहून अधिक तापवावे लागते, आणि त्या आचेत कण एकमेकांस चिकटून जाड होतात. पदार्थ टिकाऊ बनतो खरा, पण वायूला स्पर्श करावयास पृष्ठभागच उरत नाही. म्हणून सध्या सच्छिद्र साच्यांत तो घडविणे, दुसऱ्या आधारावर त्याचा पातळ थर देणे, किंवा थोडे पॅलेडियम स्फटिकातच गुंफणे असे यत्न चालू आहेत. गंधकापुढे मात्र पेरोव्हस्काइटही निर्धास्त नाहीत. आणि खाणीतून येणारी हवा प्रयोगशाळेतल्यासारखी स्वच्छ नसते, तिच्यात कोळशाची धूळ असते व ओलही असते.